चपलांजवळ ठेवलेली काठी

माणसाला चालता येतं की नाही, हे तुम्ही त्याची चार पावलं पाहून ठरवता का? परवा सिंधीपुऱ्यात एका दवाखान्याच्या दारात चपलांशेजारी टेकवलेली काठी दिसली आणि पूर्वीचं एक दिव्यांग तपासणी शिबिर आठवलं. मी तिथे संगणकावर नोंदी भरत होते. फिनाईलच्या वासात आणि उकाड्यात दापोऱ्याची एक म्हातारी भिंतीला हात लावत, ओठ चावत टेबलापर्यंत आली. केळीच्या बागेत पडल्यापासून तिचा खुबा निकामी झाला होता. प्रमाणपत्र मिळालं तरच तिला तीनचाकी सायकल मिळणार होती. डॉक्टरांनी कागदावरून मानही वर केली नाही. “चलके आयी ना? लिखो, बिना सहारे चलती है.” मी तेच टाइप केलं, ‘अडचण नाही’ हा कोड निवडला आणि अर्ज नामंजूर झाला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले, तर म्हातारी दाराबाहेर चपलांजवळ ठेवलेली आपली काठी उचलत होती. “आजी, ही आत का नाही आणली?” “साहेबापुढं काठी टेकत जातात का पोरी? चपला बाहेर, तशी काठी बी बाहेर.” मी धावत आत गेले आणि काठीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “अब एंट्री लॉक हो गयी, मॅडम. अगले शिबिर में बुलाओ.” पुढच्या शिबिरात तिचं नाव पुकारलं, तेव्हा सून एकटीच पुढे आली. “त्या आता अंथरुणावरून उठत नाहीत.” चूक डॉक्टरांची होती, पण कोड माझ्या बोटांनी निवडला होता. तुम्ही कुठेही असा फॉर्म भरत असाल, तर आधी समोरच्या माणसाला विचारा, “काठी कुठे ठेवली?” आणि तो सांगेल ते लिहा.