माझा डबा कोणी उघडत नसे

दोनशे कोऱ्या चिठ्ठ्यांवर मी सह्या केल्या. कोणी हात पिरगाळला नव्हता. चहा पाजून करून घेतल्या आणि मीही जिभेचं टोक बाहेर काढून, मन लावून केल्या. एवढी बावळट बाई तेव्हा अख्ख्या अंधेरीत दुसरी नसेल. आता केस पिकले, दात गेले, म्हणून हसते. तेव्हा हसायला तोंड नव्हतं.

त्या दिवशी मी कारखान्याच्या हॉलच्या मधोमध उभी होते. साहेबांनी मशीन बंद करायला लावलं. सगळ्या बायका भिंतीला. साहेबांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली.

"वाच. मोठ्याने."

"तपासले."

"खाली काय आहे?"

"सही."

"कोणाची?"

"माझी."

मग त्यांनी इंजेक्शनची एक अँप्युल ट्यूबलाइटसमोर धरली. औषधात काचेचा कण तरंगत होता. छान चमकत होता. कुर्ल्याच्या एका डॉक्टरने अख्खं खोकं परत पाठवलं होतं, सोबत पत्र.

साहेबांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. "उकिरड्यावरून उचलून खुर्चीत बसवलं," ते म्हणाले. "डोळे मात्र तिथेच राहिले."

कोणीतरी फिसकन हसलं. कोण, ते मी आजही सांगू शकते.

इंडस्ट्रियल इस्टेटमधला छोटासा कारखाना. अँप्युल म्हणजे तोंड वितळवून बंद केलेली काचेची बारीक कुपी. ती उजेडापुढे धरायची, उलटी करायची, सरळ करायची, नजर रोखायची. धागा, कण, काच दिसली की बाद. दहा कुप्या पास झाल्या की मुठीएवढं खोकं भरायचं, आत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर छापलेलं 'तपासले', लॉटचा शिक्का आणि माझी सही. कुठल्या तरी दवाखान्यात डॉक्टर ते खोकं फोडणार, सुई भरणार. त्याने मला पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. तरी त्याचा भरवसा माझ्या डोळ्यांवर.

ह्याचं मला कौतुक केवढं! आईने आयुष्यभर अंगठा लावला. मी सातवी पास. माझ्या सहीला लांब शेपटी, खाली दोन टिंबं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या बौद्ध वस्तीत अशी सही कोणाची नव्हती. भाकरी थापतानाही मी पिठात सही करून बघायची. वेडी.

साहेबांना हे बरोबर कळलं होतं. एकदा केबिनमध्ये बोलावलं. "तू रजेवर गेलीस की माल अडतो," म्हणाले. "तुझ्यावर माझा विश्वास आहे म्हणून सांगतो. थोड्या सह्या करून ठेव."

आणि चहा मागवला. कपबशीतून. हॉलमध्ये मी घरून आणलेल्या माझ्या पेल्यातून प्यायची. इथे कप, त्यावर निळी फुलं. मी फुलंच बघत बसले आणि सह्या दोनशे झाल्या. संध्याकाळी तोच कप मोरीत, फिनेलच्या बाटलीशेजारी एकटा ठेवलेला दिसला. मी मनाची समजूत घातली, कान तुटला असेल. कान शाबूत होता.

डब्याचंही तसंच. सगळ्यांचे डबे फळीवर, माझा खाली झाडूजवळ. चुकून बदलू नये म्हणून सावंतबाईंनी त्यावर तांबड्या ऑइलपेंटचा जाड पट्टा ओढला होता. सावंतबाई मालवणकडच्या, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून कुप्या तपासायच्या. पट्टा ओढताना अगदी प्रेमाने म्हणाल्या, "घोटाळो होऊक नको, म्हणान."

सुटताना गेटवर वॉचमन शिंदे प्रत्येकीचा डबा उघडून बघायचा, माल चोरीला जातो म्हणून. आमटीत बोट घालायलाही कमी करायचा नाही. लाल पट्टा दिसला की मात्र एक पाऊल मागे. "चल, चल." माझा डबा त्याने कधी उघडला नाही. बायका म्हणायच्या, तुझी मजा आहे बाई.

तर, हॉलमध्ये उभी होते. हातात चिठ्ठी. त्यावरचा लॉटचा शिक्का पाहिला. तो लॉट भरला त्या आठवड्यात मी घरी होते. माझ्या मुलीला गोवर आला होता.

"साहेब, तेव्हा मी रजेवर होते."

"सही कोणाची?"

चिठ्ठी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

"पाच वाजेपर्यंत लिहून दे. माझ्या हलगर्जीपणामुळे झालं, असं. नोकरी राहील. ह्या लॉटचा बाकीचा माल शुक्रवारी जाईल."

"पुन्हा तपासायचा ना, साहेब?"

"कशाला? तुझ्या चिठ्ठ्या आहेत ना."

त्यांनी हे इतकं सहज म्हटलं की मशीन चालू झाल्यावरही मला तेच ऐकू येत राहिलं. मोजून बघा, माझं डोकं किती उशिरा चाललं. उकिरडा म्हणाले, सहन केलं. कप फिनेलजवळ ठेवला, सहन केलं. गोवरात माझ्या पोरीच्या दंडात सुई गेली होती. डॉक्टरने खोकं फोडलं होतं, आतली चिठ्ठी खाली पडली होती. ती मी उचलून पाहिली नव्हती. तिच्यावर सही कोणाची असेल? ती बाई तरी हजर होती का?

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलाचा खण उघडला. माझ्या सहीच्या उरलेल्या चिठ्ठ्या होत्या, गठ्ठाच. तो घेतला. त्या लॉटच्या सुट्या कुप्यांतून चमकणाऱ्या दोन निवडल्या. सगळं फडक्यात गुंडाळून डब्यात, वर भाकरीचा तुकडा. बंद खोकं उचलायचं सुचलं नाही. सांगितलं ना, बावळट.

पाच वाजता केबिनमध्ये गेले. "नाही लिहिणार."

साहेबांनी मान वर केली नाही. "मग उद्यापासून येऊ नकोस. ह्या इस्टेटीत तुला कोण उभं करतं, तेही मी बघतो."

गेटवर रांग. शिंदेने पुढच्या बाईचा डबा उघडून हुंगला. मग मी. लाल पट्टा. एक पाऊल मागे.

"चल, चल."

चालले. आतून हसू फुटत होतं.

डॉक्टरचं नाव साहेबांच्या टेबलावरच्या पत्रावर वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला शोधत गेले. त्यांनी कुप्या उजेडात धरून उलट्यासुलट्या केल्या. "मीही शहाणाच," शेवटी म्हणाले. "होतं ते खोकं त्यांनाच परत पाठवलं. वाटलं, नाव असलेले लोक आहेत, माल मागे घेतील. ह्या दोन सुट्या कुप्यांना कोण विचारणार? म्हणतील, तुम्हीच काही केलंत. मला बंद खोकं आणून द्या, शिक्क्यासकट. औषध खात्याच्या इन्स्पेक्टरला मी स्वतः घेऊन जातो."

बंद खोकं आत. मी बाहेर. शुक्रवारला दोन दिवस.

घरी आले. काय करावं सुचेना, म्हणून डबा मांडीवर घेतला आणि ब्लेडने तो लाल पट्टा खरवडायला बसले. निदान एवढं तरी.

तेवढ्यात दारात सावंतबाई. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच. नवऱ्याची गिरणी बंद पडून दोन वर्षं झालेली, घरची चूल हिच्या एकटीच्या नोकरीवर. टेकली. दम खाल्ला. म्हणाली, "साहेबान आज माका चाय पाजली. कपातसून."

"किती केल्यास?"

"शंभर."

माझ्या चिठ्ठ्या मी आणल्या, म्हणून त्यांनी हिच्या घेतल्या. आता ती काच हिच्या सहीने जाणार होती. डॉक्टरांना बंद खोकं हवंय, ते मी तिला सांगितलं. मग आमच्या पेल्यात पाणी भरून तिच्यापुढे ठेवलं. मुद्दाम. तिने पेल्याकडे पाहिलं. उचलला. तोंडाला लावून प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत मी नजर हटवली नाही. तपासायची सवय.

माफी तिने मागितली नाही. मीही दिली नाही, अजून दिलेली नाही. हॉलमध्ये फिसकन हसली होती ती हीच. पण तो माल गेटबाहेर जाऊ द्यायचा नाही, ह्यात आम्हा दोघींचं दुमत नव्हतं. मी पुन्हा ब्लेड चालवायला लागले. तिने माझं मनगट धरलं. पहिल्यांदा मला हात लावला. म्हणाली,

"खरवडू नको गो. ह्योच डबो घेवन उद्या मी कामार जातलंय. सुटताना शिंद्याक सांगतलंय, तिचो राह्यलेलो डबो, परत देवक नेतंय. तो हात लावचो नाय. तांबडो रंग तसोच रवांदे."