काव्ह्याची वाढपीण

सनीव्हेलला आमच्या अपार्टमेंटशेजारी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचे एक आजोबा राहायचे. रविवारी चर्चहून आले की त्यांच्या गराजमध्ये चटया पडत आणि तरणे नातू काव्हा प्यायला गोल बसत. काव्हा म्हणजे एका मुळाची पूड पाण्यात कालवलेली. रंग गढूळ, चव मातीची, चार घोटांत जीभ बधिर. दारू नव्हे. हे मला नंतर कळलं; मत आधीच तयार होतं.

ऐंशीच्या दशकातली मी, सव्वीस वर्षांची. अवघी भारतीय संस्कृती माझ्याच दोन सुटकेसांतून अमेरिकेत आलीय, अशी माझी समजूत.

एकदा आजोबा दारात आले. त्यांच्या रीतीनं काव्हा कालवून वाढायला एक मुलगी लागते, आणि ती बसलेल्यांपैकी कुणाचीच बहीण असून चालत नाही. इथे तर सगळी चुलत-मावस भावंडं.

"तू परकी आहेस, म्हणून विचारतो," ते म्हणाले.

"आजोबा, आमच्यात बायका पुरुषांना दारू ओतत नाहीत," मी पदर सावरत सांगितलं. पदर कुठला, जीन्स होती. तरी सावरला.

नातवांनी लगेच सोय काढली. प्लॅस्टिकची बादली, कागदी कप, ज्याचं त्यानं बुडवून घ्या. आजोबा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. तीन रविवार तिथेच. आत गिटार वाजायची, बाहेर म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचा.

"तुझी संस्कृती वाचली," आमचे हे खिडकीतून बघत म्हणाले. "त्यांची तेवढी गेली."

थोरल्या नातवानं लाँड्रीत मला समजावलं, "दारू नाही हो, मूळ आहे. पण वाढणारी नसेल तर आजोबा त्याला काव्हा म्हणत नाहीत."

चौथ्या रविवारी मी गेले.

"माझं लग्न झालंय," मी मंगळसूत्र दाखवलं. "चालेल?"

आजोबांनी जरा विचार केला. "इथल्या कुणाची बहीण नाहीस ना?" म्हणाले, आणि आत येऊन बसले. लाकडी भांडं निघालं, करवंटी निघाली.

आता त्यांच्यात टाळी वाजली की एक करवंटी द्यायची, एवढंच काम. मी पडले पंगतीत वाढलेली. "घ्या हो, थोडा. माझ्यासाठी." पाहुणीला नाही कसं म्हणणार? नातू खाली माना घालून हसत होते. सहाव्या करवंटीला आजोबांची जीभ वळेना. त्यांनी करवंटीवर तळहात आडवा धरला, आपल्याकडे पानावर धरतात तसा.

पुढच्या रविवारी पायरी रिकामी होती. आजोबांनी आतूनच मला हाक मारली. अट एकच घातली: आग्रह नको.