प्रॉम्प्टर शिवमूर्ती अप्पा मशीनमध्ये जातात

नाटकाच्या दुनियेत एका माणसाला कधी टाळी मिळत नाही. तो विंगेत स्टुलावर बसतो, मांडीवर वही घेतो आणि दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालतो. लातूरच्या हौशी मंडळात ही जागा एकतीस वर्षं शिवमूर्ती अप्पांची होती. दिवसभर गंजगोलाईत भांड्यांचं दुकान आणि दिवेलागणीला तालीम, असा त्यांचा शिरस्ता. वही नावापुरती, नाटक सगळं डोक्यात.

शब्दही कसा पुरवायचे! पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये इतका हलका, आणि नटाला वाटावं की आपल्यालाच आठवला, इतका वेळेवर. तहसीलमधले बालाजी कारकून एकदा राजा झाले आणि तलवार उपसून गप्प उभे राहिले. अप्पांनी विंगेतून अख्खं पान पुरवलं. दुसऱ्या दिवशी गावभर बालाजींची वाहवा झाली, आणि अप्पांनीच त्यांना दुकानात बसवून पेढे खाऊ घातले.

हे पाठांतर व्हायचं स्वयंपाकघरात. बायको शरणम्मा भाकरी थापायची, अप्पा उंबऱ्यावर बसून वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि ती पुरं करायची. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण पाच अंकी नाटक तिच्या जिभेवर. अप्पा अडकले तर पिठाचा हात नाचवून म्हणायची, "अगाई! प्रॉम्प्टरलाच प्रॉम्प्टर लागायला की!"

परवाच्या साली शरणम्मा गेली, आणि अप्पांच्या घरावर पडदा पडल्यागत झालं. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. गिऱ्हाइकानं कढई मागितली की हातात परात यायची. मंडळातली पोरं बोलवायला आली तर म्हणाले, "मला काय विचारता बाबा? माझीच वही कोरी झाली." पण खरं दुखणं त्यांनी फक्त लेकीला, शिवकन्येला सांगितलं.

"तुझ्या अव्वाचा आवाज आठवत न्हाई मला. चेहरा फोटोत हाय. आवाज कुठून आणू?"

अप्पांचे थोरले भाऊ शेवटच्या दिवसांत स्वतःच्या बायकोला विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाच्या?" आता आपली पाळी, हे अप्पांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. नांदेडला एक अभ्यास चालू होता. मन खचलं, ताण साठला, की आठवणीच्या वेळी मेंदू कसा काम करतो, याची चित्रं मोठ्या मशीनमधून घेत होते. त्यासाठी माणसं हवी होती. अप्पा लगेच तयार झाले. आपलंही भावासारखंच होतंय का, याचा त्यांना निकाल हवा होता.

तिथं त्यांना भेटली स्वप्नाली, उमरीकडची पोर. तिनं आधीच सांगून टाकलं, "आजोबा, आम्ही पुष्कळ लोकांची चित्रं एकत्र बघतो. तुम्हा एकट्याचा निकाल यातून मिळणार नाही."

"मंग मी कशाला आलो एस्टीत हाडं मोडून घेत?"

"त्यांच्या उपयोगी पडायला," शिवकन्या म्हणाली. "घरी बसून तरी काय करायलात?"

मशीनमध्ये धातू चालत नाही. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या चौकटीत. अंगावेगळं ते कधी झालेलं नाही. स्वप्नालीनं वरच्या डॉक्टरांना विचारलं, लिंगाला हातातलं चुंबक लावून पाहिलं. मग चांदीची चौकट लेकीच्या पिशवीत गेली आणि लिंग सुती फडक्यात बांधून अप्पांच्या गळ्यात राहिलं.

बाहेर बसवून तिनं एक गोष्ट दोनदा ऐकवली. नायगावचा मल्लिनाथ पिवळी छत्री घेऊन किनवटला सोयरीक बघायला निघतो, अशी. मग सांगितलं, "आता आत हेडफोनवर हीच गोष्ट येईल, पण वाक्यं मधेच तुटतील. पुढचा शब्द आठवला की अंगठ्याखालचं बटण दाबायचं. बोलायचं नाही, डोकं हलवायचं नाही."

आत गेल्यावर खडखडाट सुरू झाला, पडद्यामागं सेट ठोकावा तसा. त्या आवाजातून स्वप्नालीचा आवाज आला, "मल्लिनाथनं बगलेत पिवळी..." आणि थांबला.

थोड्या वेळानं मशीन बंद झालं. "आजोबा, डोकं हलतंय. चित्र पुसट येतंय. परत घेऊ."

परत तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. अप्पांना बाहेर काढलं तेव्हा स्वप्नाली बिचकतच म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदाही बटण दाबलं नाहीत. काहीच आठवलं नाही का?"

शिवकन्या खुर्चीतून उठली. ज्याची धास्ती होती तेच झालं.

अप्पा मात्र चिडले होते. "आठवलं न्हाई कसं? सगळं सांगितलं की!"

"कुणाला?"

"तुम्हालाच! लई अडकत होता तुम्ही. छत्री म्हणलं, तरी पुढं थांबलाच. किनवट म्हणलं, शेवेचा चिवडा म्हणलं, मेव्हणीचं नाव म्हणलं. काय बाई, इतकी कच्ची तयारी करून उभं राहतेत व्हय?"

स्वप्नालीनं हातातला कागद पाहिला. "चिवडा पण आठवला? बाकीचं सांगा बरं."

अप्पांनी बाराच्या बारा गाळलेले शब्द ओळीनं सांगितले, आणि वर तिनं दुसऱ्या वाचनात गाळलेलं एक वाक्यही. शिवकन्या तोंडाला पदर लावून हसायला लागली; हसता हसता डोळे पुसायला लागली.

"मनातल्या मनात म्हणायचं होतं, आजोबा."

"बाई, अडकलेल्या माणसाला मनातल्या मनात शब्द पुरवून त्याचा काय उपयोग?"

स्वप्नालीनं हातातला कागद खाली ठेवला. जरा विचार करून ती म्हणाली, "आजोबा, या खेपेला तुम्ही प्रेक्षक. मी अडकले तर अडकू द्या."

एकतीस वर्षांत अप्पा प्रेक्षक म्हणून बसलेच नव्हते. ते परत आत गेले. दात घट्ट मिटले, अंगठा बटणावर ठेवला.

"मल्लिनाथनं बगलेत पिवळी..."

अप्पा गप्प राहिले. अंगठा दाबला. पुढचं वाक्य तुटलं, त्यांनी पुन्हा दाबला. ओठ गप्प राहिले तशी ती मधली जागा मोठी होत गेली. उंबऱ्यावर बसून वाक्य अर्ध्यावर सोडलं की पडायची, तेवढी. खडखडाटात भाकरी थापल्याचा ठेका लागला. पाचवं की सहावं वाक्य तुटलं, आणि पुढचा शब्द अप्पांच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी म्हणाला. जरासा घोगरा, शेवट लांबवणारा, थट्टा करणारा आवाज.

या खेपेला चित्रं स्वच्छ आली. अप्पांना बाहेर काढलं तर दोन्ही कानांच्या पाळ्या ओल्या, उशीही भिजलेली.

"अप्पा, रडलात?" शिवकन्या घाबरून म्हणाली.

अप्पांनी तिचा हात धरला आणि आधी स्वप्नालीकडं पाहिलं.

"हललो न्हाई ना?"