फ्लशचं पाणी जातं कुठे? सहा वर्षांच्या इराबरोबर कोलकात्याच्या तळ्यांवर

आमच्या घरी सहल ठरते ती सुट्ट्या बघून. ही ठरली संडासामुळे. हसू नका, खरंच!

झालं असं, की आमच्या सहा वर्षांच्या इराला शाळेत नाल्यातल्या मेलेल्या माशांचं चित्र दाखवलं. घाण पाणी सोडलं की मासे मरतात, एवढंच तिच्या डोक्यात बसलं आणि आमच्या बाईसाहेबांनी फ्लश दाबणं बंद केलं. आम्ही दाबला की कानांवर हात ठेवून रडायची. मग संडासला जायचंच टाळायला लागली, पोट दुखेपर्यंत. शाळेला काय बोलू? 'नळ बंद कर, झाडं रडतात, पृथ्वी आजारी पडते' ही टकळी घरी माझीच चालू असते. पोरीला शहाणं करायला निघाले आणि घाबरवून बसले. जीव नुसता टांगणीला लागला होता.

माझा नवरा मंदार बँकेत आहे, नाशिकहून बदली होऊन आम्ही इथे कोलकात्यात गडियाहाटला आलोय. त्याच्या ऑफिसातल्या एका बंगाली मित्राने सांगितलं, की शहराचं बरंचसं सांडपाणी पूर्वेकडच्या उथळ तळ्यांत जातं आणि त्यावर चक्क मासे वाढवतात. या तळ्यांना इथे भेरी म्हणतात. मंदार म्हणाला, "चल, दाखवूनच आणू तिला."

रविवारी सकाळी सातला निघालो. सायन्स सिटीपर्यंत कॅब, तिथे टपरीवर गरमागरम लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी, मग बासंती हायवेने ऑटो. तुम्ही जाणार असाल तर ऑटोवाल्याला थांबायला सांगून ठेवा, परतीला तिकडे काही मिळत नाही. टोपी आणि पाणी घ्या, सावली फार कमी आहे. आणि बांधावर पाय ठेवण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, ती त्यांची रोजीरोटी आहे.

सांडपाणी आणणाऱ्या कालव्यापाशी आम्ही नाकाला रुमाल लावले. इरा मात्र कालव्याकडे बघेचना, माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली. पण तळ्यांवर पोचलो आणि वास गायब! नजर जाईल तिथवर हिरवट पाणी, कडेने जलपर्णी, आणि लांब मागे शहराचे उंच टॉवर.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ लुंगी खोचून बसले होते. त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, आतला तळवा किती दिसतो ते पाहिलं, ओंजळभर पाणी हुंगलं आणि पलीकडच्या माणसाला हाताने 'नको' अशी खूण केली. कालव्याचं दार आज उघडायचं नाही, असा त्याचा अर्थ. मंदारने कारण विचारलं.

"आज बेशी हो जाएगा," ते म्हणाले. "थोड़ा-थोड़ा देना पड़ता है. रोद... धूप लगता है, शेवला होता है, माछ खाता है. बेशी देने से माछ मर जाएगा." म्हणजे पाणी थोडं सोडलं की उन्हाने शेवाळ वाढतं आणि मासे ते खातात, जास्त सोडलं की मरतात.

इराने ओढणीतून डोकं बाहेर काढलं. "मेरा वाला भी यहाँ आता है?"

मी शरमेने मेले. पण ते आजोबा जराही हसले नाहीत. बंगाली लोक लहान मुलींना लाडाने 'मा' म्हणतात, तसं म्हणाले, "सबका आता है, मा. उसी से तो माछ बड़ा होता है. आओ, हाथ दो."

इराने दंडापर्यंत हात बुडवला आणि माशाचं एक पिल्लू बोटांना लागून सुळकन गेलं. काय किंचाळली! पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती अशी हसली.

येताना रस्त्यावरच्या भाताच्या हॉटेलात जेवलो. माशाचं कालवण पानात पडलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. "मंदार, म्हणजे आपण दर रविवारी आणतो तो रुई मासा..."

"जेव गुपचूप," तो म्हणाला. मी जेवले. कालवण झकास होतं, खोटं कशाला बोलू?

घरी पोचताच इरा थेट संडासात. आम्ही दोघं दाराबाहेर श्वास रोखून उभे. आणि आला, फ्लशचा आवाज आला! "मी थोडंसंच पाठवलं!" ती आतून ओरडली. मला रडूच फुटलं.

दार उघडलं तर ती आत उभी राहून वरच्या फळीवरच्या ॲसिडच्या बाटलीकडे बघत होती. "आई, हे पण तिथेच जातं?"

"हो गं."

"मासे हे खातात?"

"नाही."

"मग तू कशाला टाकतेस?"

रागावली नव्हती, नुसती विचारत होती. माझ्या चकचकीत फरशीचा मला केवढा तोरा!

बाटली त्याच दिवशी बंद झाली. आता साबण आणि ब्रशने घासते, हात दुखतात आणि कोपऱ्यांतले पिवळे डाग काही जात नाहीत. पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत. बाथरूम बघून त्या बोलणार, हे नक्की. मी त्यांना इराकडे पाठवणार आहे.