टँकरच्या रांगेतला नायक

मडिवाळप्पा हत्ते कापडाचं दुकान चालवतात आणि नट आहेत. दुसरी गोष्ट फक्त तेच सांगतात. लातूर नवा जिल्हा झाला, पाऊस मात्र झाला नाही. त्या काळात त्यांनी बागेत घडणारं एक जुनं प्रेमाचं विनोदी नाटक पाण्याच्या टँकरच्या रांगेत घडवलं. नायक पंचविशीचा होता. पन्नाशीच्या मडिवाळप्पांनी स्वतःलाच निवडलं.

हे नाटक पडलं तर त्यांचं नाट्यमंडळ बंद होणार होतं. सगळी भिस्त एका हशावर होती: चिडलेली नायिका नायकावर घागर उपडी करते. तालमीत घागर रिकामी असायची. प्रयोगाला मडिवाळप्पांनी ती पाण्यानं भरून ठेवली.

टँकरची वेळ नक्की नसल्यानं बायका कळशा घेऊनच नाटकाला आल्या होत्या. नायिका झालेल्या शिवकांताबाईंनी घागर उचलली, तशी प्रेक्षकांत समोर बसलेली नागुबाई उठली.

"बाई, त्या म्हाताऱ्यावर कशाला सांडायलीस? त्यो वाळला तरी चालतंय."

मांडव हसून लोळला. शिवकांताबाईंनी खाली उतरून घागर नागुबाईच्या कळशीत ओतली. मडिवाळप्पा डोळे मिटून, खांदे आवळून उभेच होते.

मंडळ टिकलं. पुढच्या नाटकात नागुबाईला काम मिळालं आणि मडिवाळप्पांना पडद्याची दोरी.

"मी पडदा पाडल्याबिगर टाळ्या पडत न्हाईत," ते सांगतात.