फासा माझा, तोंड सुकदेवचं

किस्से गोळा करायला लोक कुठं कुठं फिरतात म्हणे. मला खाटेवरून उठावंसुद्धा लागलं नाही. दोन म्हातारे, एक फोन आणि त्यात लुडो, एवढं एका खोलीत बसवा, आठ महिन्यांत पोतं भरतं. आमचं भरलं. म्हणून म्हटलं, सांडायच्या आत लिहून ठेवू. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. जन्म नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत ट्रकचे लोखंडी पाटे ठोकण्यात गेला. भाषा तशीच येणार. ज्याला टोचेल त्याने पान उलटावं.

* * *

दोन म्हाताऱ्यांतला एक मी, दगू. दुसरा सुकदेव.

सुकदेव द्वारकेवर काळी-पिवळी भरायचा. म्हणजे निफाडची जीप लागली की आरोळ्या मारून माणसं गोळा करायची, आणि जीप पूर्ण भरेपर्यंत आधी बसलेल्यांना उतरू द्यायचं नाही. आरोळी कोणीही मारील. बसलेल्याला धरून ठेवणं अवघड. दहा मिनिटं झाली की माणूस घड्याळ बघतो, वीस झाली की पिशवी उचलतो. सुकदेवची रीत एकच. प्रत्येकाला गाव विचारायचं, घरचं विचारायचं आणि अनोळखी माणसांची आपसात गाठ घालून द्यायची. "बोलणारा माणूस उतरत नाय दगू," असं म्हणायचा.

एकदा एक मास्तर लय तापले. "अर्धा तास झाला, मी एसटीने जातो," म्हणून त्यांनी एक पाय खाली टाकला.

सुकदेव म्हणाला, "जा की मास्तर. फक्त जाता जाता या ताईंना सांगा, पोरीने बारावीचं गणित सोडलं तर चालतं का."

"सोडायचं कशाला?" मास्तर ओरडले. "अडलंय कुठं तिचं?"

पाय आत आला. जीप भरली, निघाली. मास्तरांना वाटेत चांदोरीला उतरायचं होतं. ते उतरले निफाडला, आणि तिथंही स्टँडवर ताईंना उभं करून वहीच्या पानावर काहीतरी काढून दाखवत होते. ड्रायव्हरने परत आल्यावर हे सांगितलं, तर सुकदेव त्याच्यावरच चिडला.

"मग परतीला त्यांना आपल्याच गाडीत का नाय बसवलं?"

* * *

या माणसाला मागच्या दिवाळीनंतर लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोकं शाबूत. शब्द त्याला आठवतो, पण तो ओठापर्यंत यायला फार वेळ घेतो, आणि अर्ध्या वाटेत बसकण मारतो.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी तपासून तोंडावर सांगितलं, "जे काही परत येईल ते वर्षभरात येईल. पुढं अवघड आहे. रोज बोला. घरच्यांशी नको, नव्या माणसांशी बोला. घरचे अर्ध्यात ओळखतात आणि तुमचं काम सोपं करतात."

अर्ध्यात ओळखणाऱ्यांत मी पहिला. मला थांबता येत नाही, कधीच आलं नाही. सुकदेव म्हणायचा "च… च…", की मी आत ओरडायचो, "कविता, अप्पाला चहा टाक." कविता त्याची सून; त्याला अप्पा म्हणते, मला नाना. गरीब बाई, ती टाकायची. एका सकाळी असे तीन कप झाले. चौथ्याला सुकदेवने डाव्या हाताने कप ढकलला, माझ्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. मग पेपर उघडला.

सकाळपासून बिचारा चष्मा मागत होता.

* * *

आता नवी माणसं कुठून आणायची? द्वारकेवर नेऊन बसवलं तर तिथं सगळे त्याला ओळखतात. दोन दिवस येऊन पाठीवर हात ठेवून गेले, तिसऱ्या दिवशी लांबूनच हात करायला लागले.

तेव्हा कविताने फोनवर लुडो काढून दिला. "नाना, यात दर डावाला तीन नवी माणसं येतात. कुठली कुठली असतात. माईक दाबला की बोलता पण येतं."

सुकदेवचे डोळे चमकले. दर डावाला नवी गाडी.

पण गेममध्ये एक भानगड असते. तुमची चाल आली की तुमच्या नावाभोवती एक गोल फिरतो. तो पुरा व्हायच्या आत फासा टाकला नाही तर चाल गेली. तीन चाली गेल्या की गेम तुम्हाला बाहेर काढतो आणि तुमच्या जागी कॉम्प्युटर खेळतो. सुकदेवला एका वेळी बोलणं आणि फासा दोन्ही जमेना. म्हणून वाटणी केली. फासा मी टाकायचा, बोलायचं त्याने.

पहिल्या डावात तीन पोरं आली. सुकदेवने सुरुवात केली. "कु… कु… कुठ…"

"अंकल, आपका माईक खराब है," एकजण म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे दुसराही गेला.

सुकदेवने फोन उलटा केला, माईकच्या भोकावर फुंकर मारली आणि सदऱ्याने पुसलं. माझ्याकडे बघून हसलासुद्धा. मला नाही हसू आलं.

* * *

पुढं एकाने विचारलं, "चाचा, दोपहर में ही पी ली क्या?"

सुकदेवने मान हलवली, म्हणजे सोड. मी काय सोडणारा माणूस आहे? माईक माझ्याकडे ओढला आणि त्या पोराला त्याच्या आजोबापर्यंत काय काय ऐकवलं. पाटे ठोकताना शिकलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. पोराने तक्रार केली. गेमने दोन दिवस आमचा माईक बंद केला.

कविता म्हणाली, "अप्पांची वाचा लकव्याने घेतली होती. उरलेली नानांनी घेतली."

त्या दोन दिवसांत मी सुकदेवच्या घरी गेलो नाही.

* * *

सगळेच तुसडे नव्हते. सुरतेचा एक ट्रक ड्रायव्हर भेटला. माल खाली व्हायची वाट बघत बसलेला, म्हणजे त्याला वेळच वेळ. मला बरं वाटलं, म्हटलं आज सुकदेव पोटभर बोलेल.

ड्रायव्हरने टायरपासून सुरुवात केली. मग मालक, मग पोलीस, मग धाकटी मेहुणी. सुकदेव दर दोन मिनिटांनी तोंड उघडायचा आणि मिटायचा. डाव संपला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, बहुत दिनों बाद किसी से इतनी बातें हुईं."

सुकदेवला त्या दिवशी एकच अक्षर बोलता आलं.

"हो."

* * *

एक कॉलेजची मुलगी होती, हिंगोलीची. ती मात्र न बोलता ऐकायची. सुकदेवने एवढा घाम गाळून सांगितलं की माझं नाव सुकदेव. ती म्हणाली, "हं." मी नाशिकचा. "हं." मला लकवा झालाय. "हं."

मी सुकदेवच्या मांडीवर थाप मारली. जमलं म्हटलं.

मग सुकदेवने विचारलं, "तु… तुझं… ना… नाव?"

"हं," ती म्हणाली. मागून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

* * *

कविताला वाटलं, लोकांना आधीच सांगून टाकावं. तिने एक मजकूर तयार करून दिला. 'मला लकवा झाला आहे. बोलायला वेळ लागतो. कृपया थांबा.' डाव लागला की मी तो पाठवायचा.

लोक लगेच बदलले. शिव्या बंद झाल्या. "गेट वेल सून अंकल," म्हणायचे. हात जोडलेली चित्रं यायची. एकाने तर गुलाबाची फुलं पाठवली, पडदा भरून. आणि सगळे मुकाट निघून जायचे. मयताच्या घरी हार टाकून निघतात ना, तसे. थांबा म्हटलं होतं तेवढं सोडून सगळं केलं त्यांनी.

चौथ्या दिवशी सुकदेवने तो मजकूर पुसायला लावला. शिव्या परत सुरू झाल्या तेव्हा बरा जेवला, असं कविता सांगत होती.

* * *

आता जे सांगतो ते सांगायची माझी इच्छा नव्हती. पण लिहायला बसलोय तर लिहितो.

उन्हाळ्यातली दुपार होती. डावात आम्ही हिरवे. लाल आणि निळा माईक बंद ठेवून मुकाट खेळत होते. पिवळ्याचा माईक चालू होता, पण नुसता श्वास ऐकू यायचा.

सुकदेवने आपला नेहमीचा सवाल टाकला. "कु… कुठ… लं… गाव?"

लालने फासा टाकला, निळ्याने टाकला. मग तिकडून आवाज आला. "न… न… नां…"

"याचं नेटवर्क गेलं," मी म्हणालो.

सुकदेवने जोरात मान हलवली. त्याने माझं मनगट धरलं. त्या धरण्यावरून मला कळलं. तिकडं नेटवर्क नव्हतं गेलेलं. तिकडं दुसरा सुकदेव बसला होता.

"नां… नां…"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुकदेवने डावा तळवा माझ्या तोंडावर दाबला. मला विचारायचं होतं, नांदगाव का रे? नांदेड का? त्याने बोलू दिलं नाही. तो फोनकडे बघत राहिला. हसत होता. झटक्यानंतर तसा हसताना मी त्याला बघितला नव्हता. त्याला घाई नव्हती. जगात पहिल्यांदा त्याच्यापेक्षा हळू बोलणारा माणूस भेटला होता आणि त्याला संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं.

पण पिवळ्याच्या शेजारी फासा टाकायला कोणी नव्हतं. एकटाच असावा. तो बोलत राहिला आणि त्याची एक चाल गेली. मग दुसरी गेली.

आणि मी काय करत होतो? माझ्या दोन सोंगट्या घराच्या तोंडाशी आल्या होत्या. आमची चाल आली की मी गोल फिरायच्या आत फासा टाकत होतो. टपाटप. गोल पुरा होईपर्यंत थांबलो असतो, तर दर फेरीला त्या माणसाला थोडा जास्त वेळ मिळाला असता. त्याचं गाव पुरं झालं असतं. हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मला सहा पडला होता.

"नां… नांद…"

तिसरी चाल गेली. गेमने त्याला बाहेर काढलं. पिवळ्या सोंगट्या कॉम्प्युटर चालवायला लागला, एकदम झटझट.

सुकदेवने माझ्या तोंडावरचा हात काढला. फोनकडे बघितलं. मग माझ्या अंगठ्याकडे बघितलं. 

तो डाव आम्ही जिंकलो.

* * *

कविताने त्या पिवळ्याला दोन दिवस शोधलं. "नाना, ते गेस्ट म्हणून, खातं न उघडता आले होते. नावाच्या जागी नुसते आकडे. यांना कुठून शोधणार?" नांदगावचा असेल, नांदेडचा असेल. कोण जाणे, गाव न सांगता नावच सांगत असेल, नंदू म्हणून.

तेव्हापासून सुकदेव फोन माझ्या हातात देत नाही. फोन स्वतःच्या मांडीवर ठेवून कान देऊन बसतो. डाव लागतो, आवाज येतो, "हॅलो", "हाय गाइज", "कहाँ से हो", आणि सुकदेव डाव्या अंगठ्याने बाहेर पडतो. पुन्हा नवा डाव. पुन्हा "हॅलो". पुन्हा बाहेर. दोन सेकंद कोणाला देत नाही. एका दुपारी मी मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढं नाद सोडला.

"अप्पा, बाईंनी दिलेलं वर्ष संपत आलं," कविता रोज सांगते. "कोणाशी तरी बोला. कोणाशीही."

सुकदेव बोटाने तिला गप्प करतो. त्याला ऐकायचं असतं.

* * *

परवाची गोष्ट. डाव लागला आणि तिकडून एक मराठी आवाज आला. "नमस्कार, मी सटाण्याहून बोलतोय."

सुकदेवचा अंगठा निघाला. मी झडप घालून त्याचा हात धरला आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हणालो, "थांब बाबा, जाऊ नको. माझ्या दोस्ताला लकवा झालाय. बोलायला वेळ लागतो त्याला."

"लागू द्या की बाबा," तो म्हणाला. "माझ्या आईला पण तसंच झालं होतं. बोला काका, आरामात बोला. मी फासा शेवटपर्यंत धरून ठेवतो, म्हणजे तुम्हाला वेळ मिळेल. मला कुठं जायचं नाही."

आणि त्याने खरंच धरला. त्याचा गोल फिरत फिरत शेवटाला आला तेव्हा त्याने फासा टाकला. आमची चाल आली तेव्हा मीही शेवटापर्यंत थांबलो. अंगठा मुठीत दाबून धरला, पण थांबलो. पिठाने भरलेले हात घेऊन कविता दारात येऊन उभी राहिली.  फोनमधला माणूस नुसता थांबला होता.

सुकदेव फोनकडे बघत राहिला.  ओठ जुळले, सुटले. कविताने पदर तोंडाला लावला.

मग तो बोलला. कुठं तुटलं नाही, कुठं अडलं नाही. झटका आल्यापासून इतकं सरळ वाक्य आम्ही दोघांनी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"हा तो नाय," सुकदेव म्हणाला, आणि बाहेर पडायचं बटण दाबलं.