सहावा घनाकार

"सगळ्या बाजूंनी सारखे घनाकार पाचच," म्हणत मास्तरांनी चतुष्फलकापासून विंशतिफलकापर्यंत नावं सांगितली. पाचच? मला संशय आला. आमचे आप्पा निपाणीत तंबाखूचे दलाल. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव ठरवायचे. म्हणायचे, "एवढंच हाय म्हणणाऱ्याकडं आणि कायतरी असतंय रं."

चार-चार त्रिकोणांचे दोन चतुष्फलक पुठ्ठ्याचे करून, चिकटवून मी सहावा नेला. सहा त्रिकोण, सगळे सारखे!

मास्तरांनी त्यावर रुमाल टाकला. "न बघता कोपरा धर. कुठला?"

"टोकाचा." तिथं तीनच त्रिकोण मिळत होते, मधल्या कोपऱ्यांत चार.

मग त्यांचे पाच एकेक करून रुमालाखाली आले. कुठला कोपरा हाती लागला, एकाचाही सांगता येईना; प्रत्येकाचे सगळे कोपरे सारखेच.

तरी जाताना मी रुमाल झटकून पाहिलाच.